जोडाटाइम आत्ता घ्यायचं की जावा ८ ची वाट बघायची: सोनेतारण सॉफ्टवेअरची एक केस

ही केस पुण्यातल्या एका छोट्या प्रॉडक्ट कंपनीची आहे, कंपनीचं नाव देत नाही आणि ग्राहकांचं तर नाहीच. प्रॉडक्ट म्हणजे पतसंस्था आणि छोट्या फायनान्स कंपन्यांसाठी कर्जाचं सॉफ्टवेअर, सोनेतारण, वाहन कर्ज, मुदत ठेवी, सगळं जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत. साल २०१३. मी त्या टीममध्ये होतो. प्रश्न साधा वाटतो असा होता की जावाचे जुने डेट आणि कॅलेंडर क्लास सोडून जोडाटाइम (तारीख-वेळेसाठीची बाहेरची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच) घ्यायचं का, आणि घ्यायचं तर आत्ताच, की जावा ८ मध्ये नवीन तारीख-वेळेची लायब्ररी येतेच आहे तर तोवर थांबून एकदमच उडी मारायची. यावर जेवढा वाद झाला तेवढा डेटाबेस बदलतानाही झाला नव्हता.

ज्यांनी हे भोगलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. डेट क्लास जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९६ पासून आहे. महिने शून्यापासून मोजायचे, वर्ष १९०० पासून, आणि वर तो ऑब्जेक्ट कोणीही कधीही बदलू शकतो, म्हणजे तुम्ही दुसऱ्या फंक्शनला तारीख दिली आणि ती परत आली तेव्हा तीच असेल याची गॅरंटी नाही. १९९७ मध्ये जावा १.१ बरोबर कॅलेंडर आला, त्यानेही महिने शून्यापासूनच ठेवले आणि बदलता येण्याची सोयही ठेवली. स्टीफन कोलबोर्न यांनी वैतागून जोडाटाइम सुरू केलं, त्याचं १.० २००५ मध्ये आलं, आणि पुढच्या काही वर्षांत निम्म्या जावा जगाने ते घेतलंसुद्धा. मग २००७ पासून कोलबोर्नच जेएसआर ३१० नावाच्या प्रस्तावावर काम करायला लागले, म्हणजे जावाच्या आतच चांगली लायब्ररी आणायची. ती जावा ७ मध्ये येईल असं लोक धरून चालले होते, आली नाही. मग जावा ८ मध्ये नक्की. आणि जावा ८ सप्टेंबर २०१३ ला येणार होतं ते सिक्युरिटीच्या कामासाठी मार्च २०१४ वर ढकललं गेलं. आमचा वाद नेमका या ढकलाढकलीच्या मध्ये चालला होता.

विषय निघाला एका पावतीवरून. आमच्या कोडमध्ये डेटयुटिल नावाचा क्लास होता (असा क्लास नसलेला जुना जावा प्रोजेक्ट मी अजून बघितलेला नाही) आणि त्यात वरच एक स्टॅटिक सिंपलडेटफॉरमॅट (तारखेला छापायचं रूप देणारा) होता जो सगळे वापरायचे. महिन्याच्या ५ तारखेच्या ईसीएसच्या (हप्ते बँकेतून आपोआप वळते करायच्या) फाइलला फार वेळ लागतो म्हणून कोणीतरी ते काम चार-पाच थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांत, वाटलं, आणि मग अधूनमधून एखाद्या कर्जदाराच्या कागदावर दुसऱ्याच कर्जदाराची हप्त्याची तारीख छापून यायला लागली. दर वेळी नाही, लोड असेल तेव्हाच, आणि टेस्ट मशीनवर कधीच नाही. कारण सिंपलडेटफॉरमॅट स्वतःच्या पोटात एक कॅलेंडर ठेवतो, फॉरमॅट करताना आधी त्यात तारीख भरतो आणि मग त्यातूनच वाचून छापतो, तर एका थ्रेडने भरली आणि छापायच्या आत दुसऱ्याने आपली भरली की झालं. हे जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, वाचतो कोण.

पण यासाठी लायब्ररी बदलायची गरज नव्हती. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा फॉरमॅटर दिला, तासाभरात काम संपलं. मीटिंगमध्ये जोडाच्या बाजूने बोलणारे हेच उदाहरण पुन्हा पुन्हा देत होते आणि मला तेव्हाही वाटलं की हा मुद्दा कमकुवत आहे, ज्या दुखण्यावर तासाभराचं औषध आहे त्यासाठी मॅनेजर सहा महिन्यांचं ऑपरेशन का मंजूर करेल.

खरं दुखणं वेगळं होतं. कर्जवाटपाची तारीख, हप्त्याची तारीख, जन्मतारीख, मुदत ठेवीची मुदत संपायची तारीख, या सगळ्या नुसत्या तारखा आहेत, त्यांना वेळ नाही आणि टाइमझोन तर अजिबात नाही. पावती फाडली तो क्षण मात्र खरा क्षण आहे. आमच्या कोडमध्ये दोन्हींसाठी एकच डेट क्लास. म्हणजे १४ नोव्हेंबर ही हप्त्याची तारीख आत खरं तर १४ नोव्हेंबरच्या रात्री बाराचा, भारतीय वेळेचा, एक क्षण म्हणून बसलेली. आणि भारतात हे वर्षानुवर्षं चालून जातं! आपल्याकडे डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे नेणं) नाही, शाखा पण साडेपाच तासांवर आणि सर्व्हर पण साडेपाच तासांवर, दोन तारखांमधले मिलिसेकंद वजा करून ८,६४,००,००० ने भागले की दिवस बरोबर येतात. अमेरिकेत किंवा युरोपात हाच कोड मार्चमध्ये पहिल्याच वर्षी तोंडावर पडतो. इथे तो दहा वर्षं इमानेइतबारे बरोबर उत्तर देतो, म्हणून इथल्या टीमला घाई वाटत नाही, आणि त्यांचं तरी काय चुकलं.

आमचं चालून जाणं थांबलं ते एका ग्राहकाने सर्व्हर भाड्याच्या होस्टिंगवर हलवला तेव्हा. ती मशीन यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. भारतातले रात्रीचे बारा म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे १८:३०, त्यातली वेळ कापून नुसती तारीख घेतली की एक दिवस मागे. १४ नोव्हेंबरचा हप्ता १३ चा झाला. सोनेतारणात व्याज दिवसावर लागतं, आणि काउंटरवर दागिना सोडवायला आलेला माणूस एका दिवसाच्या व्याजावरून बरोबर भांडतो, भांडायलाच पाहिजे. तेव्हापासून डेटाबेसमध्ये कुठेही १८:३० दिसलं की आमच्यातले सगळे दचकायचे.

यावर सपोर्टमधल्या मुलाने त्याच दुपारी जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) सुरू करतानाच टाइमझोन एशिया कोलकाता देऊन टाकला आणि सगळं बरोबर झालं. हे सांगायलाच हवं, कारण लायब्ररीचे भक्त हे सांगत नाहीत. एक ओळ, आणि प्रॉब्लेम गेला. आमच्या मॅनेजरचं म्हणणं तेव्हा हेच होतं, "अरे चाललंय ना आता, मग?" आणि सगळे ग्राहक महाराष्ट्रातच राहणार असते तर मी त्यांच्याच बाजूने बोललो असतो. पण दुबईचा एक ग्राहक येऊ घातला होता, तिथे यूटीसीच्या पुढे चार तास, एकाच सर्व्हरवर दोन्हीकडचे लोक, तिथे ही एक ओळ पुरणार नव्हती.

तर पर्याय काय होते. काहीच न करता डेटयुटिल साफ करणं, हा एक. जोडाटाइम सगळीकडे, दुसरा. जावा ८ ची वाट, तिसरा. आणि चौथा पर्याय आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीने आणला, थ्रीटेन बॅकपोर्ट, म्हणजे जावा ८ मध्ये जे येणार तेच, पण वेगळ्या पॅकेजच्या नावाने, जावा ६ आणि ७ वर चालेल असं. कागदावर हा सगळ्यात सरस, कारण नंतर जावा ८ वर गेलं की बहुतेक काम इंपोर्टच्या ओळी बदलण्याचं. तिला विचारलं की जेसन (डेटा पाठवायचा मजकुरी साचा) आणि हायबरनेटचं (जावा आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी) काय, तर तेव्हा त्याला जोडण्यासाठी तयार काही नव्हतं, सगळं हाताने लिहावं लागणार होतं. जोडासाठी मात्र जेसनकरता जॅक्सनचं मॉड्यूल होतं, हायबरनेटसाठी जदीराचे युजरटाइप होते, लोकांनी वापरून घासून गुळगुळीत केलेले.

वाट बघण्याच्या बाजूने आर्किटेक्ट होते. त्यांचा मुद्दा, "दोनदा मायग्रेशन कशाला करायचं, जोडाचा लेखकच म्हणतोय की पुढचं चांगलं जावात येतंय." मुद्दा बिनतोड वाटतो, कारण कोलबोर्न यांनी स्वतःच २००९ मध्ये सविस्तर लिहिलं होतं की नवीन लायब्ररी म्हणजे जोडाची कॉपी का नाही, जोडाच्या रचनेत त्यांना स्वतःला काय काय खटकतं. पण यात एक गोष्ट सुटत होती. जावा ८ मार्च २०१४ ला येईल हे जावावाल्या ओरॅकल कंपनीचं कॅलेंडर. आमचे ग्राहक कशावर होते? जावा ६ वर. जावा ६ चे सार्वजनिक अपडेट फेब्रुवारी २०१३ मध्येच बंद झालेले, तरी ते तिथेच होते, कारण अॅप सर्व्हर बदलायचा तर बोर्डाची मंजुरी, आणि बोर्ड बसतं ऑडिट झाल्यावर. म्हणजे आमच्यासाठी जावा ८ ची खरी तारीख ही सगळ्यात मागे राहिलेल्या ग्राहकाची तारीख होती, आणि ती कोणालाच माहीत नव्हती.

मला वाटतं अख्ख्या वादातला कामाचा भाग एवढाच होता. कुठली लायब्ररी चांगली यावर कोणाचं दुमत नव्हतंच. कधी घ्यायची हे ठरतं ते कडेच्या गोष्टींवरून, डेटाबेसचा ड्रायव्हर, ओआरएम (हायबरनेटसारखी लायब्ररी), जेसन, ग्राहकाचा सर्व्हर, यांना तो नवीन प्रकार समजतो का. नाही समजत तर तुम्ही प्रत्येक सीमेवर जुन्यातून नवीन आणि नव्यातून जुनं करत बसता, आणि बग बरोबर त्या रूपांतरातच राहतात.

मग ठरलं ते असं. जोडा घ्यायचं, पण फक्त व्याज आणि हप्त्यांच्या इंजिनात, आणि तिथेही फक्त लोकलडेट, म्हणजे नुसती तारीख. जोडाचा डेटटाइम (तारीख, वेळ आणि टाइमझोन एकत्र) वापरायला बंदी. आत येताना-बाहेर जाताना रूपांतर एकाच क्लासमध्ये, टाइमझोन तिथे उघडपणे लिहायचा, मशीनचा डिफॉल्ट घ्यायचा नाही. स्क्रीन, रिपोर्ट, पावत्या, तिकडे जुनंच राहू दे. मुहूर्त एप्रिलनंतरचा, कारण मार्च एंडच्या आधी व्याजाच्या कोडला हात लावायचा म्हणजे नोकरीवर उदार होण्यासारखंच. अर्ध्या लोकांना हा निर्णय भित्रा वाटला. मला तो आजही बरोबर वाटतो, आणि त्याचं एक कारण तेव्हा कोणाच्या लक्षातही नव्हतं: जोडा टाइमझोनचा डेटा स्वतःच्या जारमध्ये (लायब्ररीच्या फाइलमध्ये) घेऊन येतं आणि जेडीके, म्हणजे खुद्द जावा, स्वतःचा वेगळा ठेवतं. एकाच प्रोसेसमध्ये दोन टाइमझोन डेटाबेस. तुर्कस्तानने सप्टेंबर २०१६ मध्ये ठरवलं की आता घड्याळ मागे घ्यायचंच नाही, कायम यूटीसीच्या पुढे तीन तास, तेव्हा दोन्हीपैकी एकच अपडेट केलेल्या लोकांकडे एकाच प्रोग्रॅमच्या दोन भागांत दोन वेगळ्या वेळा असणार. नुसत्या तारखांना टाइमझोन लागत नाही, त्यामुळे असल्या प्रकाराशी आमचा संबंधच आला नाही.

एक गोष्ट लायब्ररीने सुटली नाही आणि सुटणारही नव्हती. ३१ जानेवारीला सुरू झालेल्या कर्जाचा पुढचा हप्ता २८ फेब्रुवारी, त्याच्या पुढचा? मागच्या हप्त्यात एक महिना मिळवत गेलं तर २८ मार्च, मग २८ एप्रिल, आणि कर्ज कायमचं २८ तारखेवर अडकतं. पहिल्या तारखेपासून दोन महिने मोजले तर ३१ मार्च. कॅलेंडर, जोडा, जावा ८, तिघंही इथे सारखंच वागतात. हा व्यवसायाचा निर्णय आहे आणि तो करारात काय लिहिलंय त्यावर ठरतो. नवीन लायब्ररी आली की असे प्रश्न आपोआप सुटतील अशी एक भाबडी समजूत आमच्या क्यूए (टेस्टिंगच्या) टीममध्ये होती, ती पहिल्याच आठवड्यात गेली.

जावा ८ आलं १८ मार्च २०१४ ला. आम्ही काही केलं नाही. जेडीबीसी (डेटाबेसशी बोलायचं जावाचं मानक) ४.२ त्याच्याच बरोबर आलं पण ड्रायव्हर लोकलडेट थेट द्यायला लागायला वेळ गेला, हायबरनेट ५ मध्ये आधी वेगळं मॉड्यूल लागायचं, जेपीए (ओआरएमसाठीचं मानक) २.२ मध्ये हे प्रकार अधिकृतपणे यायला २०१७ उजाडलं. त्याच सुमारास आमचा जावा ७ वरचा शेवटचा ग्राहकही हलला. तेव्हा जोडा सोडून जावाचीच लायब्ररी घ्यायचा दुसरा निर्णय घ्यायला मीटिंगसुद्धा लागली नाही. जोडाच्या साइटवरच लिहिलेलं आहे की जावा ८ पासून पुढे जावाचीच लायब्ररी वापरा.

पण मजा पुढे आहे. दोन्हींचा लेखक एक, क्लासची नावं सारखी, म्हणून सगळ्यांना वाटलं की शोधा आणि बदला, झालं. आम्ही जुनं आणि नवीन इंजिन शेजारी शेजारी चालवलं, सगळी कर्जं दोन्हीतून काढली आणि जिथे फरक आला ती प्रत्येक ओळ माणसाने वाचली. कंटाळवाणं काम आहे, पण याशिवाय मी हे कोणाला करू देणार नाही.

सगळ्यात भारी सापडलं ते ३१ फेब्रुवारी. एका ग्राहकाच्या जुन्या एक्सेलमधून डेटा यायचा, त्यात ३१/०२/२०१३ अशी तारीख. सिंपलडेटफॉरमॅट डिफॉल्टला उदार असतो, तो म्हणतो फेब्रुवारीचे २८ झाले, तीन दिवस उरले, म्हणजे ३ मार्च. जोडा म्हणतं अशी तारीख नाही, एरर. आणि जावा ८ चा फॉरमॅटर, आपण दिलेला दिवस-महिना-वर्ष असा पॅटर्न असेल तर, गुपचूप २८ फेब्रुवारी देतो. तीन लायब्ऱ्या, तीन उत्तरं. कारण नवीन फॉरमॅटर डिफॉल्टला ज्या मोडमध्ये असतो त्याला स्मार्ट म्हणतात, ३१ पर्यंतचा कुठलाही दिवस तो महिन्याच्या शेवटच्या दिवसावर आणून बसवतो. स्ट्रिक्ट करायला गेलात तर अजून एक खड्डा, वर्षासाठी वाय अक्षर चालत नाही, त्याला सोबत इसवी सन की इसवी सनपूर्व तेही लागतं, म्हणून यू लिहावं लागतं. जोडाने जी घाण दारातच अडवली होती ती चांगल्या लायब्ररीने आत घेतली असती.

दुसरं, कॅपिटल वाय. जोडाच्या पॅटर्नमध्ये कॅपिटल वाय म्हणजे साधं वर्ष. जावा ८ मध्ये कॅपिटल वाय म्हणजे आठवड्यांच्या हिशोबाचं वर्ष. पॅटर्न जशाच्या तशा उचलल्या तर वर्षभर सगळं व्यवस्थित आणि ३१ डिसेंबर २०१८ ला पावतीवर ३१/१२/२०१९. शेजारी चालवलेल्या टेस्टमध्ये हे दिसलं कारण मुदत ठेवीच्या तारखा पुढच्या वर्षांतल्या होत्या, नाहीतर डिसेंबरअखेरीपर्यंत कळलं नसतं.

तिसरं, नल, म्हणजे रिकामी किंमत. जोडाला काही ठिकाणी नल दिलं की तो त्याचा अर्थ "आत्ता" घेतो. हे कोलबोर्न यांनी स्वतः चूक म्हणून मान्य केलेल्या गोष्टींपैकी एक. म्हणजे ज्या खात्याला तारीखच नाही त्याला वर्षानुवर्षं आजची तारीख मिळत होती आणि सगळं हिरवं दिसत होतं. नवीन लायब्ररी नलवर सरळ फुटते. ग्राहकाचा फोन आला की अपडेटनंतर ही खाती उघडत नाहीत, त्याला कसं सांगणार की बाबा, आधी उघडत होती हाच घोटाळा होता.

आणि एक माझं लाडकं. एका जुन्या मॉड्यूलमध्ये जन्मतारखा मिलिसेकंदांत ठेवलेल्या होत्या, आणि त्या परत वाचताना कोणीतरी टाइमझोनच्या भानगडीत नको म्हणून पक्के साडेपाच तास मिळवले होते. बहुतेक सगळ्यांच्या तारखा बरोबर, फक्त काही आजी-आजोबांच्या एक दिवस मागे. युद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, भारताचं घड्याळ साडेसहा तास पुढे होतं. एशिया कोलकाताच्या डेटामध्ये हा इतिहास आहे, जावाने तारीख साठवताना तो पाळला, वाचणाऱ्याने नाही पाळला. १५ ऑगस्ट १९४४ ला जन्मलेल्या बाईंची मध्यरात्र साडेपाच मिळवल्यावर १४ ऑगस्टचे रात्री ११ होते. ज्येष्ठ नागरिकांच्या व्याजदरावर याने काही फरक पडत नव्हता, पण पॅनकार्डवरची तारीख आणि आमची तारीख जुळेना, आणि शाखेतल्या मॅडम प्रत्येक वेळी हाताने दुरुस्त करायच्या आणि ते कोणाला सांगायच्या नाहीत.

जोडातलं एक आम्हाला जावात मिळालं नाही, इंटरव्हल (दोन क्षणांमधला काळ), ते थ्रीटेन एक्स्ट्रा या वेगळ्या लायब्ररीतून घेतलं. मग जावा ११ वर गेलो तेव्हा अजून एक छोटा झटका, जावा ९ पासून आत्ताची वेळ मिलिसेकंदापेक्षा बारीक यायला लागली, टेबलातला कॉलम तेवढा बारीक नाही, त्यामुळे साठवलेली आणि परत वाचलेली वेळ सारखी नाही म्हणून टेस्ट पडल्या. साठवायच्या आधी मिलिसेकंदाला कापलं, संपलं.

आता तोच प्रश्न ब्राउझरकडे आलाय. ब्राउझरच्या भाषेचा, जावास्क्रिप्टचा, डेट हा जावाच्या त्याच डेटवरून उचललेला, महिने शून्यापासून, सगळं तेच. आमच्या स्क्रीनवर मोमेंट (तारखांची जावास्क्रिप्ट लायब्ररी) आहे, ज्याच्या टीमने सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केलं की आता फक्त देखभाल, नवीन काही नाही. टेंपोरल नावाची चांगली लायब्ररी भाषेच्या आतच येते आहे, फायरफॉक्समध्ये मे २०२५ मध्ये १३९ व्या आवृत्तीत आलीसुद्धा, आणि नवीन पोरं विचारतात की सर, घेऊया का. मी म्हटलं आधी शाखांमधल्या मशीनवर कुठले ब्राउझर आहेत त्याची यादी काढ. यादी आली, काही ठिकाणी अजून विंडोज ७ आहे, म्हणजे क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही. पॉलिफिल (जुन्या ब्राउझरला नवीन सोय देणारी फाइल) टाकून आजच घेता येईल, पण गावाकडच्या शाखेच्या नेटवर तेवढी जास्तीची फाइल कशाला उतरवायची, जेव्हा सर्व्हरकडून तारीख साध्या वर्ष-महिना-दिवस स्ट्रिंगमध्येच येते आणि स्क्रीनचं काम फक्त ती दाखवायचं आहे. सध्या मोमेंट आहे तिथे राहू दिलंय, नवीन स्क्रीनवर त्याला बंदी आहे, आणि यादी दर एप्रिलमध्ये पुन्हा काढायची असं ठरलंय.